लघवीतील स्टेरॉइडांचा अहवाल वाचून द्या: प्रयोगशाळांचे निकष ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
वैद्यकीय प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या व तपासणी अहवालांचे निकष ठरवणाऱ्या मंडळांचे सर्व सन्माननीय सदस्य

स. न. वि. वि.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क, म्हणजेच ॲड्रिनल, ग्रंथींतून एखादे संप्रेरक प्रमाणाबाहेर स्रवू लागल्याची शंका आली, की लघवीतील स्टेरॉइडांची तपासणी सांगितली जाते. तपासणी करून घेणाऱ्याच्या हाती शेवटी येतो तो बहुधा एका ओळीचा अहवाल: पदार्थाचे नाव, आकडा, संदर्भ मर्यादा, आणि आकडा मर्यादेबाहेर असेल तर त्याच्यापुढे वर किंवा खाली तोंड केलेला बाण. असे अहवाल तयार करणे आणि वाचणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि त्याच आधारावर मी आपल्यापुढे एक मागणी मांडत आहे. लघवीतील स्टेरॉइडांच्या प्रत्येक अहवालासोबत त्या आकड्यांचा अर्थ जाणकाराने आपल्या सहीनिशी लिहून दिलेला असावा, आणि तो अर्थ लावण्यासाठी जी माहिती लागते ती नमुन्याबरोबरच प्रयोगशाळेत पोहोचावी, ही मान्यतेची अट व्हावी.

रक्त हाताशी असताना लघवीकडे का वळायचे, हा प्रश्न आधी निकालात काढते. कॉर्टिसॉल हे या ग्रंथींचे एक प्रमुख स्टेरॉइड संप्रेरक. रक्तात ते सकाळी चढलेले असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला गेलेले असते, त्यामुळे दिवसा केव्हातरी काढलेल्या रक्तातला आकडा कॉर्टिसॉलच्या अतिरेकाच्या निदानासाठी जवळजवळ निरुपयोगी ठरतो. शिवाय रक्तातले बहुतांश कॉर्टिसॉल प्रथिनांना बांधलेले असते; इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीच्या रक्तात हे वाहक प्रथिन वाढते आणि ग्रंथी पूर्ण निरोगी असतानाही एकूण कॉर्टिसॉलचा आकडा फुगतो. मूत्रपिंडातून गाळले जाते ते मोकळे कॉर्टिसॉल, आणि चोवीस तासांच्या लघवीत दिवसभराच्या चढउतारांची बेरीज आपोआप झालेली असते. त्याखेरीज यकृतात रूपांतर होऊन बाहेर पडलेले स्टेरॉइडांचे अवशेषही तिथेच सापडतात, आणि ग्रंथीच्या आत कोणते एन्झाइम काम करते आहे व कोणते अडले आहे, याची साक्ष हे अवशेष देतात. स्टेरॉइड संप्रेरकांच्या अभ्यासाची सुरुवातही लघवीपासूनच झाली. १९२९ मध्ये गर्भवती स्त्रियांच्या लघवीतून इस्ट्रोन हे स्त्री-संप्रेरक वेगळे केले गेले, आणि १९३१ मध्ये ॲडॉल्फ ब्यूटेनांट यांनी पुरुषांच्या हजारो लिटर लघवीतून काही मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक काढले.

सर्वाधिक मागणी असते ती लघवीतील मोकळ्या कॉर्टिसॉलची, कुशिंग सिंड्रोमच्या, म्हणजे कॉर्टिसॉलच्या अतिरेकाने होणाऱ्या आजाराच्या, संशयावरून. हा आजार दुर्मिळ आहे. दर दहा लाख लोकांत वर्षाला दोन-तीन नवे रुग्ण सापडतात. मात्र त्याची लक्षणे अतिशय ओळखीची आहेत: वाढते वजन, रक्तदाब, मधुमेह, खिन्नता, पाळीची अनियमितता. त्यामुळे तो लवकर लक्षात येत नाही. पाच हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी ३४ महिने गेल्याचे दिसले. इतक्या उशिरा का होईना, एखाद्या डॉक्टरांच्या मनात शंका येते आणि नमुना आमच्याकडे पोहोचतो. त्या वेळी एका ओळीच्या अहवालाने रुग्णाला पुन्हा मागे ढकलले, तर त्याची जबाबदारी प्रयोगशाळेवरही येते.

आता हा आकडा किती गोष्टींवर अवलंबून असतो ते पाहावे. २००८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्राथमिक चाचण्या म्हणून लघवीतील मोकळे कॉर्टिसॉल, रात्री उशिराच्या लाळेतील कॉर्टिसॉल आणि डेक्सामेथासोन हे कृत्रिम स्टेरॉइड देऊन केलेली चाचणी यांची नावे घेतली, आणि लघवीची तपासणी किमान दोनदा करावी असे सांगितले. कारण एकाच रुग्णाचे दोन दिवसांचे आकडे एकमेकांपासून बरेच दूर असू शकतात, आणि काही रुग्णांत तर अतिरेक लाटांसारखा येतो व मध्येच पूर्ण ओसरतो. मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली गेली असेल, तर रोग असूनही आकडा खोटा कमी येतो. दिवसाला पाच लिटरहून अधिक पाणी पिणाऱ्याचा आकडा रोग नसताना वाढू शकतो. गरोदरपणाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत निरोगी स्त्रीचाही आकडा नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट जाऊ शकतो. यांतली कोणतीच गोष्ट यंत्राला कळत नाही. ती नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेली असेल तरच कळते, आणि चिठ्ठीवर बहुतेकदा नाव, वय आणि तपासणीचे नाव एवढेच असते.

त्या चिठ्ठीबद्दल आणि लघवी गोळा करण्याच्या कॅनबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण निकषांच्या चर्चेत हा भाग कुणी फारसा बोलत नाही. चोवीस तासांची लघवी गोळा करायची म्हणजे सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, ती वेळ लिहून ठेवायची, त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये घ्यायचा, कॅन थंड जागी ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची लघवी त्यात घालून संकलन थांबवायचे. कागदावर हे सोपे दिसते. नोकरीच्या ठिकाणी कॅन नेण्याचा संकोच, प्रवास, रात्री झोपेत झालेला विसर, यांमुळे ते अर्धवट राहते, आणि काउंटरवर घाईघाईत दिलेल्या सूचनेत पहिली लघवी टाकायची की घ्यायची हेच अनेकांना स्पष्ट झालेले नसते. अर्धवट संकलन ओळखण्याचा एक उपाय आमच्या हाती आहे. क्रिएटिनिन हा पदार्थ स्नायूंच्या प्रमाणात रोज साधारण सारखाच बाहेर पडतो. मूत्रपिंडे नीट असलेल्या, सत्तर किलो वजनाच्या तरुण पुरुषाच्या चोवीस तासांच्या म्हणून आलेल्या कॅनमध्ये क्रिएटिनिन जेमतेम ५०० मिलिग्रॅम निघाले, तर निम्म्याहून अधिक लघवी त्या कॅनपर्यंत पोहोचलेलीच नाही, असे समजण्यास जागा आहे. त्या नमुन्यातले कॉर्टिसॉल मर्यादेच्या आत बसले म्हणून "सामान्य" छापणे म्हणजे न केलेल्या तपासणीचा निकाल देणे होय. तरीही क्रिएटिनिन आणि एकूण आकारमान हे दोन आकडे नसलेले अहवाल सर्रास दिले जातात, आणि आजच्या निकषांत त्यांना आडकाठी नाही.

शरीरातले मीठ-पाणी सांभाळणाऱ्या अल्डोस्टेरॉन या अधिवृक्क संप्रेरकाच्या बाबतीत हीच उणीव आणखी उघडी पडते. १९५५ मध्ये जेरोम कॉन यांनी वर्णन केलेल्या आजारात हे संप्रेरक जास्त बनते आणि रक्तदाब वाढतो. मीठ भरपूर दिल्यावरही ते दबत नाही हे लघवीत दाखवता येते: चोवीस तासांत सोडियम २०० मिलिमोलच्या वर गेलेले असताना अल्डोस्टेरॉन १२ मायक्रोग्रॅमहून अधिक राहिले, तर निदानाला पुष्टी मिळते. पण त्याच अहवालात सोडियमचा आकडा नसेल, तर रुग्णाने मीठ खरोखर पुरेसे घेतले होते का हे डॉक्टरांना कळण्याचा मार्गच उरत नाही, आणि अल्डोस्टेरॉनचा आकडा अधांतरी लटकतो.

मोजण्याच्या पद्धतीचाही उल्लेख अहवालात हवा. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लघवीत रसायन घालून उमटणाऱ्या रंगावरून स्टेरॉइडांचा अख्खा गट एकत्र मोजला जाई. पुढे प्रतिपिंडांवर आधारलेल्या इम्युनोअसे चाचण्या आल्या. त्या पुष्कळ नेमक्या आहेत, पण कॉर्टिसॉलसारखीच रचना असलेल्या त्याच्या रूपांतरित पदार्थांना आणि काही औषधी स्टेरॉइडांनाही त्या कॉर्टिसॉल समजून मोजतात. द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री यांची जोडी हे पदार्थ वेगळे करते, म्हणून तिची वरची मर्यादा इम्युनोअसेपेक्षा खाली असते. एका प्रयोगशाळेत एका पद्धतीने आणि पुढच्या वेळी दुसरीकडे दुसऱ्या पद्धतीने तपासणी झाली, आणि दोन्ही अहवालांवर पद्धतीचे नाव नसेल, तर ग्रंथीत काहीही न बदलता रुग्ण सुधारल्याचा किंवा बिघडल्याचा भास होतो.

बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडांचा मुद्दा तर मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण कुशिंग सिंड्रोमचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. सांध्यात दिलेले इंजेक्शन, दीर्घकाळ लावलेले मलम, दम्याचा फवारा, किंवा घटक न सांगता विकलेली आणि स्टेरॉइडाची भेसळ असलेली एखादी पुडी, यांतून शरीरात गेलेले औषध ग्रंथींना झोपवते. रुग्णाचा चेहरा गोल झालेला असतो, पोटावर जांभळट वळ उमटलेले असतात, कातडी पातळ होऊन जरा लागले तरी काळेनिळे पडत असते, आणि लघवीत त्याचे स्वतःचे कॉर्टिसॉल जवळजवळ शून्य असते. एका ओळीच्या अहवालात खाली तोंड केलेला बाण येतो आणि "कॉर्टिसॉल जास्त नाही, म्हणजे कुशिंग नाही" असा निष्कर्ष निघतो. औषध प्रेडनिसोलोन असेल आणि पद्धत इम्युनोअसे असेल तर याच्या उलट घडते: यंत्र औषधालाच कॉर्टिसॉल म्हणून मोजते आणि ग्रंथीतील गाठीचा शोध सुरू होतो. दोन्ही वेळा जाणकाराने कागद पाहिला असता तर त्याने पहिला प्रश्न विचारला असता, की हा रुग्ण कोणते औषध घेतो आहे? हे विचारण्याची घाई असते, कारण असे औषध एकाएकी बंद केले तर झोपलेल्या ग्रंथी वेळेवर जाग्या होत नाहीत आणि जीवावर बेतू शकते.

एका पदार्थापुढे जाऊन संपूर्ण स्टेरॉइड प्रोफाइल मागितले जाते, तेव्हा वाचनाशिवाय अहवाल देणे मला असमर्थनीय वाटते. या तपासणीत लघवीतले स्टेरॉइडांचे अवशेष आधी एन्झाइम घालून त्यांच्या जोडीदार रेणूंपासून सोडवले जातात, मग त्यांच्यावर रासायनिक प्रक्रिया करून ते वायुरूप होण्याजोगे केले जातात, आणि गॅस क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्रीतून जाताना एकामागून एक शिखर उमटत तीस-चाळीस पदार्थांचा आलेख तयार होतो. कॉर्टिसॉल घडवण्यात भाग घेणाऱ्या २१-हायड्रॉक्सिलेज या एन्झाइमच्या जन्मजात कमतरतेत प्रेग्नेनट्रायॉल आणि त्याचा ११-ऑक्सो भाऊबंद यांची शिखरे उंच जातात. १७-हायड्रॉक्सिलेज अडले असेल तर कॉर्टिकोस्टेरॉनचे अवशेष वाढतात आणि अँड्रोजेनांचे, म्हणजे पुरुषी संप्रेरकांचे, जवळजवळ नाहीसे होतात. लहान मुलाचा रक्तदाब वाढलेला आहे, पोटॅशियम कमी आहे, रेनिन (मूत्रपिंडातून स्रवणारा, अल्डोस्टेरॉनला चालना देणारा पदार्थ) आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही दबलेले आहेत, अशा वेळी कॉर्टिसॉल आणि कॉर्टिसोन यांच्या अवशेषांचे गुणोत्तर पाहावे लागते. मूत्रपिंडातले ११-बीटा-हायड्रॉक्सिस्टेरॉइड डिहायड्रोजिनेज-२ हे एन्झाइम कॉर्टिसॉलला निष्क्रिय कॉर्टिसोन बनवते. ते जन्मतः निकामी असेल तर कॉर्टिसॉलच अल्डोस्टेरॉनचे काम करू लागते आणि हे गुणोत्तर कित्येक पटींनी वाढते. सुट्या आकड्यांवर बाण उमटलेला नसतानाही गुणोत्तर निदान सांगून जाते. तेच एन्झाइम ज्येष्ठमधाच्या अतिसेवनानेही दबते, आणि त्या रुग्णाला ज्येष्ठमध बंद करण्यापलीकडे बहुधा फारसे काही करावे लागत नाही.

एकच पदार्थ किती वेगळे बोलू शकतो याचे माझ्या मते सर्वांत स्पष्ट उदाहरण टेट्राहायड्रो-११-डीऑक्सीकॉर्टिसॉल हे आहे. वाढलेला रक्तदाब आणि अकाली पौरुषाची चिन्हे असलेल्या बालकाच्या लघवीत ते भरपूर सापडले, तर ११-बीटा-हायड्रॉक्सिलेजची जन्मजात कमतरता समोर येते. अधिवृक्क ग्रंथीत पाच सेंटिमीटरची गाठ असलेल्या प्रौढाच्या लघवीत तेच वाढलेले दिसले, तर कर्करोगाची शंका घेऊन तातडीने हालचाल करावी लागते. आणि कुशिंगवर मेटिरापोन हे औषध चालू असलेल्या रुग्णात ते वाढणे अपेक्षितच असते, कारण ते औषध नेमके त्याच एन्झाइमला अडवते. बाण तिन्ही अहवालांत वरच दाखवतो. पहिल्या रुग्णाला आयुष्यभराचे उपचार लागतात, दुसऱ्याला शस्त्रक्रियेसाठी शल्यविशारद लागतो, आणि तिसऱ्याला आहे तेच औषध पुढे चालू ठेवायचे असते.

अधिवृक्क गाठींबद्दल आता भरीव पुरावाही उपलब्ध आहे. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सी.टी. स्कॅनमध्ये अशी गाठ अचानक दिसणे नेहमीचे झाले आहे, आणि त्यांतल्या बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०२ साध्या गाठी आणि ४५ कर्करोगाच्या गाठी असलेल्यांच्या लघवीतील ३२ स्टेरॉइडांचे आकृतिबंध तपासले गेले, आणि दोन्ही गट ९० टक्के अचूकतेने वेगळे करता आले. २०२० मध्ये ११ देशांतील १४ केंद्रांनी २,०१७ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ९८ जणांना कर्करोग होता. गाठीचा आकार चार सेंटिमीटर किंवा अधिक, स्कॅनवरील घनता २० एककांहून जास्त, आणि लघवीतील आकृतिबंध धोक्याचा, अशा तिन्ही खुणा एकत्र असतील तर त्या शंभर जणांतल्या सुमारे ७६ जणांत कर्करोग खरोखर असल्याचे त्यातून दिसले. अशा तऱ्हेने धोका नाही असे ठरलेल्यांपैकी ९९.७ टक्के खरोखरच कर्करोगमुक्त होते. म्हणजे किती तरी लोकांना निष्कारण शस्त्रक्रियेपासून वाचवता येईल. मात्र हे यश अनेक पदार्थांचा आकृतिबंध स्कॅनसोबत वाचण्याचे आहे. बत्तीस आकड्यांचा तक्ता डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून ते साधणार नाही.

यावर दोन आक्षेप येतील हे मी जाणून आहे. पहिला असा, की असे वाचन करणारे जाणकार थोडे आहेत. ते खरे आहे. पण आलेख आणि रुग्णाची माहिती दूरवर पाठवता येते, आणि जिथे नमुना तपासला तिथेच वाचणारा बसलेला असला पाहिजे असे नाही. शिवाय नुसत्या मोकळ्या कॉर्टिसॉलच्या अहवालाला प्रोफाइल वाचणाऱ्या तज्ज्ञाची गरज नसते. आकारमान, क्रिएटिनिन, मूत्रपिंडांची स्थिती, गरोदरपण आणि औषधे यांची दखल घेणारी दोन-तीन वाक्ये प्रयोगशाळेतील प्रशिक्षित जैवरसायनतज्ज्ञ लिहू शकतो. नवजात बाळांबाबतही वाचणाऱ्याची उपलब्धता हीच खरी अडचण असते, कारण तिथे गुणोत्तरे पाहायची असल्याने एका वेळची थोडीशी लघवीही पुरते. मात्र बाळाच्या लघवीत गर्भावस्थेतील ग्रंथीचे स्टेरॉइड मोठ्या प्रमाणात असतात आणि ते बाजूला ठेवून वाचण्याची सवय लागते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. घरपोच नमुना मागवून, रंगीत तक्ते छापून, "ॲड्रिनल थकवा" असे निदान हाती देणाऱ्या आणि त्यावर पूरक गोळ्या सुचवणाऱ्या सेवाही आकड्यांचा अर्थ लिहूनच देतात. अंतःस्राव विज्ञानात असा कोणताही मान्य आजार नाही. अर्थ लिहिण्याची सक्ती केल्याने अशांचे फावेल, अशी भीती मला काही सहकाऱ्यांनी बोलून दाखवली. म्हणूनच माझ्या मागणीत सहीला मी इतके महत्त्व देते. अर्थ लिहिणाऱ्याची अर्हता अहवालावर असावी, त्यावरून होणाऱ्या विक्रीशी त्याचा संबंध नसावा, आणि त्याच्या वाचनाची बाहेरून तपासणी व्हावी. सध्या बाह्य गुणवत्ता चाचणीत एक कुपी पाठवली जाते आणि आकडा बरोबर आला की प्रयोगशाळा उत्तीर्ण होते. त्या कुपीसोबत रुग्णाची हकिकत पाठवावी आणि प्रयोगशाळेने लिहिलेल्या अभिप्रायालाही गुण द्यावेत, अशी माझी आपल्याला विनंती आहे.

नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर संकलनाच्या सुरुवातीची व शेवटची वेळ, वजन, गरोदरपण, मूत्रपिंडांचा आजार आणि गेल्या काही महिन्यांत घेतलेली सर्व औषधे, मलमे व इंजेक्शने यांसाठी रकाने सक्तीचे करावेत. अहवालावर एकूण आकारमान, क्रिएटिनिन आणि मोजण्याची पद्धत छापल्याशिवाय तो अहवाल पूर्ण धरू नये. संकलन अपुरे असल्याचे दिसत असेल तर आकडा न छापता "नमुना पुन्हा द्यावा" एवढेच, कारणासह, लिहिण्याचा अधिकार प्रयोगशाळेला असावा आणि ते तिचे कर्तव्यही असावे. आज तसे लिहिणाऱ्या प्रयोगशाळेलाच विलंबाबद्दल जाब द्यावा लागतो. या अटींचा मसुदा करायला आपण बसाल तेव्हा तज्ज्ञांच्या बरोबरीने दोन व्यक्तींना अवश्य बोलवावे: काउंटरवर कॅन देताना सूचना सांगणारा कर्मचारी, आणि असे कॅन अनेकदा भरून आणलेला एखादा रुग्ण. चिठ्ठीवरच्या सूचना कोणत्या शब्दांत लिहाव्यात हे त्या दोघांना विचारून ठरवावे.

आपली विश्वासू,
लघवीतील स्टेरॉइडांचे अहवाल वाचणारी एक जैवरसायनतज्ज्ञ